मरियेच्या पोटी जन्मला आणि पिलाताच्या हाती मेला, मधलं सगळं कुठं गेलं?

रानजाई
गेल्या महिन्यात ऑफिसातल्या मैत्रिणीकडे वसईला राहायला गेले होते. रविवारी सकाळी ती चर्चला निघाली, मग मीही गेले. मिस्सा, म्हणजे तिथली उपासना, अख्खी मराठीत होती त्यामुळे सगळं नीट कळत होतं. मध्ये एका ठिकाणी सगळे उभे राहतात आणि आपला विश्वास कशावर आहे ते एका सुरात म्हणतात, म्हणजे क्रीड. त्यात येशू कुमारी मरियेच्या पोटी जन्माला आला आणि लगेच पुढच्या वाक्यात पंतय पिलात या रोमी सुभेदाराच्या अमलात त्याने दुःख भोगलं, क्रुसावर खिळला गेला. मी तिथंच अडकले. जन्म आणि मरण यांच्यामध्ये फक्त एक स्वल्पविराम! डोंगरावरचं प्रवचन नाही, उधळ्या मुलाची गोष्ट नाही, शत्रूवर प्रेम करा नाही, श्रीमंत तरुणाला सगळं विकून गरिबांना दे म्हणाला ते नाही.

घरी आल्यावर मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एक, एका बैठकीत वाचलं, सोळाच अध्याय आहेत. त्यातला माणूस सतत चालतोय, जेवतोय, वाद घालतोय, कोणाकोणाला हात लावून बरं करतोय. त्याला एक जण 'उत्तम गुरुजी' म्हणतो तर मला उत्तम का म्हणतोस, देवाशिवाय कोणी उत्तम नाही असं उत्तर देतो (मार्क १०). आणि इकडे चर्चमध्ये तोच देवापासून देव. तर माझा प्रश्न साधा आहे. येशू जे सांगत होता तोच ख्रिस्ती धर्म आहे, का त्याच्या मागून दुसरंच काही उभं राहिलं? कुणाचा धर्म वाईट म्हणायचा हेतू नाही, मला खरंच जाणून घ्यायचंय.

कटिंगचहा
वाचतोय. शंभरी गाठणार हा धागा, चहा टाकून ठेवतो.

पिंपळपार
दुसरंच उभं राहिलं, आणि ते येशूच्या मागून गावोगाव प्रचार करणाऱ्या पौलाने उभं केलं. तारखा बघा. येशू गेला इ.स. ३० च्या आसपास. नव्या करारातलं, म्हणजे बायबलच्या येशूवरच्या भागातलं, सर्वात जुनं लिखाण म्हणजे पौलाची पत्रं, ती ५० च्या दशकातली. चारही शुभवर्तमानं त्याच्या मागची: मार्क साधारण ७०, मत्तय आणि लूक त्याच्यानंतर, योहान पार शतकाच्या शेवटी. म्हणजे जो माणूस येशूला तो जिवंत असताना कधी भेटलाच नाही त्याचं लिखाण सगळ्यात आधीचं. आणि त्यात येशूचे दाखले नाहीत, चमत्कार नाहीत, आहे ते मरण आणि पुन्हा उठणं. येशू म्हणाला नियमशास्त्र रद्द करायला आलो नाही (मत्तय ५), पौल म्हणतो यहुदी नसलेल्यांना सुंता नको, खाण्यापिण्याचे निर्बंध नकोत. ज्या स्वल्पविरामावर तुम्ही अडकलात तो पौलाच्या पत्रांतच पडलाय.

वाडीतली_पोर
पिंपळपार, थांबा जरा. मी वसईचीच, कॅथलिक.

पौलाने हे स्वतःच्या मनाने काढलं असतं तर तो 'मला जे मिळालं ते मी तुम्हाला दिलं' असं कशाला म्हणाला असता (करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र, अध्याय १५)? शेवटच्या भोजनातले येशूचे शब्द त्याला माहीत आहेत. घटस्फोटाबद्दल लिहिताना तो स्पष्ट वेगळं करतो की हे प्रभूचं सांगणं आणि पुढचं माझं. गलतीकरांच्या पत्रात तो सांगतो की यरुशलेमला येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे पंधरा दिवस राहिलो, येशूचा भाऊ याकोब पण भेटला. पंधरा दिवस दोघं काय हवापाण्याच्या गप्पा मारत बसले असतील का?

आणि रानजाई, स्वल्पविरामाबद्दल. तुम्ही रविवारी आलात. गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी या. त्या दिवशी फादर बारा जणांचे पाय धुतात. एका वर्षी माझे वडील त्या बारांत होते. आमची केळीची वाडी आहे, आयुष्यभर अनवाणी काम, टाचांना ही एवढाल्या भेगा. लाज वाटून त्यांनी आदल्या रात्री दगडाने घासघासून पाय धुतले होते. फादर गुडघ्यावर बसले, जगमधून पाणी ओतलं, टॉवेलने बोटांच्या बेचक्यांतून पुसलं. वडील खाली बघतच नव्हते, समोर भिंतीकडे बघत होते. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला, बायकांचेही पाय धुवायला मोकळीक दिली, मग एकदा आईही बसली. जे क्रीडमध्ये लिहिलेलं नाही ते आमच्याकडे असं करून दाखवतात. म्हणून ते गेलं असं मी म्हणू देणार नाही.

जात्यावरची_ओवी
वाडीतली_पोर, डोळ्यांत पाणी आणलंत.

अनवाणी
भावना समजल्या. पण पाय वर्षातून एकदा धुतात आणि क्रीड दर रविवारी म्हणतात.

वाडीतली_पोर
@अनवाणी, बोचलं. पण खोटं नाही म्हणता येत.

शनिवारतेली
मी इस्राएलमधल्या अश्दोदहून लिहितो. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. आजोबा अलिबागजवळच्या नवगावचे, घाणा होता, शनिवारी बंद म्हणून गावात आम्ही शनिवार तेली. वय झालंय, टायपिंगच्या चुका पोटात घाला.

तुम्ही सगळे येशू आणि चर्च यांच्यात बोलताय, त्यात तो यहुदी होता हे बाजूला पडतंय. आठव्या दिवशी त्याची सुंता झाली. लोक त्याच्या वस्त्राच्या गोंड्याला शिवायला धडपडायचे, ते गोंडे आम्ही अजून लावतो. त्याला विचारलं सर्वात मोठी आज्ञा कोणती, तर तो म्हणाला 'ऐक इस्राएला, आपला देव एकच'. हा शेमा. आमचे पूर्वज कोकणात शेकडो वर्षं बाकी यहुद्यांपासून तुटून राहिले, हिब्रू विसरले, पण शेमा विसरले नाहीत. लग्नात शेमा, सुंतेला शेमा, माणूस मरताना शेमा. माझी आजी मराठीशिवाय अक्षर बोलायची नाही, पण शेमा म्हणायची. म्हणजे बघा, सर्वात मोठी आज्ञा कुठली म्हटल्यावर नासरेथचा सुतार आणि नवगावची तेलीण एकच वाक्य बोलणार.

परूशी म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहुदी, त्यांच्याशी त्याचे वाद हे घरातले वाद होते. दोन यहुद्यांत तीन मतं असं आमच्यात म्हणतातच. पुढे ते वाचणारे लोक घराबाहेरचे झाले आणि त्याच शब्दांचा दगड झाला. आमच्यातल्या युरोपातून आलेल्यांच्या आजी-आजोबांनी तो सोसलाय. येशूला मारल्याचा ठपका अख्ख्या यहुदी लोकांवर ठेवता येणार नाही असं कॅथलिक चर्चने अधिकृतपणे म्हटलं १९६५ साली. कोकणात आम्हाला हा त्रास कोणी दिला नाही, हे मुद्दाम लिहितो. माझ्या मते खरा फरक इथे आहे. त्रैक्य (एकच देव पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा तीन) वगैरे नंतरचं. आधी त्याचं घर सुटलं.

पिंपळपार
@शनिवारतेली काका, हा प्रतिसाद धाग्यात वर डकवून ठेवायला हवा. +१०००

कटिंगचहा
म्हणजे येशू स्वतः ख्रिश्चन नव्हता, असं लग्नाच्या पंगतीत बोलून बघतो.

जुनीपोथी
@कटिंगचहा, बोला बिनधास्त, चूक नाही. 'ख्रिस्ती' हे नाव शिष्यांना पहिल्यांदा सिरियातल्या अंत्युखिया शहरात पडलं, प्रेषितांची कृत्ये अध्याय ११ मध्ये आहे. आणि जेवणाच्या पंगतीवरूनच तिथं मोठं भांडण झालं. पेत्र यहुदी नसलेल्यांबरोबर जेवायचा, मग याकोबाकडची माणसं आली तर उठून वेगळा बसायला लागला, तेव्हा पौलाने त्याला सगळ्यांसमोर तोंडावर सुनावलं. कोण कोणाच्या ताटाशेजारी बसणार, यावरून धर्माची वाट ठरतेय. आपल्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

ढेकूळ
मी बायबलवाला नाही, लातूरकडचा शेतकऱ्याचा पोरगा. पण एक गोष्ट कॉलेजात असल्यापासून डोक्यात आहे ती सांगतो. हॉस्टेलवर एकाकडे मराठी बायबल होतं, त्यात येशूने शिकवलेली प्रार्थना आहे मत्तय ६ मध्ये. तिथं लिहिलंय जसं आम्ही आमच्या ऋण्यांना ऋण सोडलं तशी तू आमची ऋणं सोड. ऋण! पाप नाही. आमच्या घरात त्या वर्षी सोसायटीची नोटीस आलेली, वडील कोणाशी बोलत नव्हते. मी ते वाक्य वाचलं आणि पुस्तक मिटून बसलो. आमच्याकडे कर्ज फिटलं की सातबाऱ्यावरचा बोजा उतरला म्हणतात. मला वाटलं हा माणूस बोजा उतरवायचंच बोलतोय. नंतर कुणीतरी सांगितलं की नाही नाही, ऋण म्हणजे इथं पाप समजायचं. तेव्हापासून मला शंका आहे की समजायचं कुणी ठरवलं.

जुनीपोथी
ढेकूळ, तुमच्या शंकेत दम आहे. लूकमध्ये तीच प्रार्थना आहे, तिथं 'आमच्या पापांची क्षमा कर' असं झालंय, पण पुढच्याच अर्ध्या वाक्यात 'आमच्या प्रत्येक ऋण्याला' हा शब्द तसाच राहिलाय. म्हणजे शब्द बदलताना घातलेले टाके दिसतात. मात्र एक ध्यानात घ्या, येशूची बोली अरमाइक, आणि त्या भाषेत 'होबा' या एकाच शब्दाचे कर्ज आणि पाप असे दोन्ही अर्थ होतात. त्यामुळे पाप हा अर्थ नंतर कोणी घुसवला असं नाही. पण ऐकणारा येशूच्या मुलखातला, गालीलातला, कर्जबाजारी कूळ असेल तर त्याला आधी काय ऐकू आलं असेल? रोमविरुद्ध ६६ साली बंड पेटलं तेव्हा यरुशलेममध्ये बंडखोरांनी कर्जखतांचं दप्तर जाळलं, योसेफस या त्या काळच्या यहुदी इतिहासकाराने नोंदवलंय.

ढेकूळ
१८७५ ला सुप्याला आपल्या लोकांनी तेच केलं की! सावकाराच्या वह्या आणि खतं बाहेर काढून जाळली. अंगावर काटा आला.

पिंपळपार
बघा, म्हणजे पोटाचा प्रश्न होता तो परलोकाचा केला.

वाडीतली_पोर
दोन्ही होतं असं जुनीपोथी म्हणतायत, तुम्ही अर्धंच वाचता. पण ढेकूळचं मी आमच्या प्रार्थना मंडळात वाचून दाखवणार आहे, चालेल ना?

ढेकूळ
चालेल ताई.

तर्कट
एवढं कशाला फिरताय. ३२५ साली निकीया गावी (आजच्या तुर्कस्तानात) रोमी सम्राट कॉन्स्टंटाइनने बिशप गोळा केले, मतदान घेऊन येशूला देव केलं आणि बायबलात कुठली पुस्तकं ठेवायची तेही तिथंच ठरवलं. राजकारण होतं, विषय संपला.

जुनीपोथी
तर्कट, हे सगळीकडे फिरतं पण दोन्ही गोष्टी चूक आहेत, म्हणून जरा सविस्तर.

एक, पुस्तकांची यादी निकीयाचा विषयच नव्हता. आज नव्या करारात आहेत तीच नेमकी २७ पुस्तकं पहिल्यांदा ओळीने दिसतात ती अलेक्झांड्रियाच्या अथनेशियसच्या ३६७ च्या ईस्टरपत्रात. दुसरं, येशू देव का माणूस असा प्रश्न निकीयात नव्हता. एरियस नावाचा पाळक म्हणत होता की पुत्र श्रेष्ठ खराच, पण पित्याने तो निर्माण केला, एक काळ असा होता की तो नव्हता. त्याच्या विरुद्ध ठरलं की पुत्र आणि पिता एकाच तत्त्वाचे. म्हणजे भजत दोघेही होते, कितपत वरचा यावर भांडण. आणि हे भजणं जुनं आहे. फिलिप्पैकरांच्या पत्रात एक स्तोत्रासारखा तुकडा आहे, देवाच्या रूपाचा असून त्याने स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं. ते पत्र पौलाचं, निकीयाच्या अडीचशेहून जास्त वर्षं आधीचं.

कॉन्स्टंटाइनमुळे बदललं काय, तर सत्ता. ३०३ साली सम्राट डायक्लिशनच्या हुकमाने चर्चं पाडली जात होती, पोथ्या जाळत होते. ३१३ ला मोकळीक मिळाली. ३८० ला सम्राट थिओडोशियसने निकीयाचा पंथच साम्राज्याचा धर्म करून टाकला. ज्याला रोमी सुभेदाराने क्रुसावर मारलं त्याच्या नावाचं चिन्ह रोमी सैन्याच्या ढालीवर. मला विचाराल तर येशूपासून सर्वात लांबची उडी ही. पौलाची नाही.

तर्कट
बरं, पुस्तकांच्या यादीचं चुकलं माझं, मान्य. व्हिडिओ बघून लिहिलं होतं. सत्तेचा मुद्दा मात्र माझाच धरा.

जुनीपोथी
धरला :)

जात्यावरची_ओवी
हा प्रश्न आपल्याकडे फार आधी लोकांनी आयुष्य पणाला लावून विचारलाय. पंडिता रमाबाईंनी १८८३ ला इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, आणि दोनच वर्षांत तिथल्या सिस्टरशी पत्रांतून त्रैक्यावरून, चर्चच्या अधिकारावरून कडाकडा भांडत होत्या. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून आत्ताच मान काढलीय, दुसऱ्याच्या हातात देणार नाही, असा सूर. येशू हवा पण चर्चने सांगितलं म्हणून नको. केडगावचं मुक्ती मिशन उभं केलं, दुष्काळातल्या पोरी गोळा करून आणल्या, आणि म्हातारपणी मूळ भाषा शिकून बायकांना समजेल अशा मराठीत बायबल करत बसल्या. १९२२ ला गेल्या तोवर ते काम हातात होतं.

आणि कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक. बाप्तिस्मा १८९५. तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणणारा माणूस. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा. दोन वर्षांत गेले. पण विचार करा, नोकरी, पगार, म्हातारपणाची सोय सोडून एक कवी म्हणतो की येशूचं घर मिशनच्या कंपाउंडपेक्षा मोठं आहे. रानजाईंचा स्वल्पविराम टिळकांना टोचला असणार.

अनवाणी
टिळकांमुळे घरच्यांचे काय हाल झाले तेही लिहा.

जात्यावरची_ओवी
झालेच. ते धर्म बदलून बसले आणि त्यांच्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, काही वर्षं वेगळं राहावं लागलं. मी लपवत नाहीये, फक्त प्रश्न येशू आणि चर्चचा होता म्हणून तेवढं लिहिलं.

पिंपळपार
मी माझ्या पहिल्या प्रतिसादातून थोडा मागे येतो. पौलाचं एक पत्र परत काढलं. १ करिंथच्या शेवटी 'मारानाथा' असा शब्द आहे, हे प्रभू ये. अख्खं पत्र ग्रीक आणि हा शब्द अरमाइक. म्हणजे पौलाच्या आधीच, अरमाइक बोलणारे, बहुतेक गालील-यरुशलेमचे लोक येशूला प्रभू म्हणून हाका मारत होते. मग पौलाने सगळं शोधून काढलं हे टिकत नाही.

पण हाक 'ये' अशी आहे! ते वाट बघत होते. येशू म्हणाला होता इथं उभे असलेल्यांपैकी काही जण मरायच्या आत देवाचं राज्य येताना बघतील (मार्क ९). थेस्सलनीका या ग्रीक शहरातल्या मंडळीत माणसं मरायला लागली तर बाकीचे घाबरले, गेलेल्यांचं काय, म्हणून पौलाला समजूत घालावी लागली. राज्य काही आलं नाही. मग रोजचं निभवायला संस्था लागली. तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र, अध्याय ५ वाचा, तिथं विधवांची यादी आहे, नाव कोणाचं घालायचं तर वय साठच्या खाली नको, एकाच नवऱ्याची असावी, पाहुण्यांचं केलेलं असावं. राज्य येतंय म्हणून घरदार सोडलेल्या माणसापासून हे पात्रतेच्या अटींपर्यंत.

वाडीतली_पोर
पण पिंपळपार, ती यादी कशासाठी आहे? म्हाताऱ्या एकट्या बायकांना जेवायला घालायला. मला तर त्या यादीत येशू दिसतो. अटी खटकतात, मान्य. पण रोज चुलीला लाकडं लागतात, आणि ती कोणाला किती याचा हिशोब कोणीतरी ठेवतोच.

कटिंगचहा
एकशे बारा प्रतिसाद. चहा तिसऱ्यांदा.

रानजाई
सगळ्यांचं वाचतेय, वहीत लिहून घेतेय. मूळ प्रश्नावर परत येते.

मार्क पुन्हा वाचला, या वेळी हळू. सातव्या अध्यायात ती सुरफुनीकी बाई आहे ना, यहुदी नसलेली, मुलगी आजारी. ती पाया पडते तर येशू म्हणतो आधी लेकरांना खाऊ दे, लेकरांची भाकर कुत्र्यांना टाकणं बरं नाही. पहिल्यांदा वाचताना मी हे घाईत ओलांडून गेले होते, कारण मला आवडलं नव्हतं. ती बाई तिथून उठत नाही. म्हणते खरंय महाराज, पण मेजाखालची कुत्रीसुद्धा लेकरांच्या हातून पडलेला चुरा खातात. आणि तो म्हणतो, तू हे बोललीस म्हणून जा, तुझी पोरगी बरी झाली. तू हे बोललीस म्हणून! त्याने आपला शब्द फिरवला, एका बाईच्या उत्तरावर.

मी समजत होते की येशू एका जागी उभा होता आणि मागून आलेल्यांनी त्याला दुसरीकडे हलवलं. तो तर स्वतःच हलत होता. घराबाहेरच्यांना ताटावर घ्यायचं का हे भांडण पौलाच्या आधी त्या बाईने घातलं आणि जिंकलं. त्यामुळे शिष्यांनी दारं उघडली ते मला वेगळं वाटत नाही. तलवार घेतली ते वेगळं. काका, तुमचं घर सुटलं ते वेगळं. ढेकूळ, तुमचं ऋण मऊ करून टाकलं ते वेगळं. माझं उत्तर सध्या एवढंच आहे, आणि स्वल्पविरामाची तक्रार मी मागे घेत नाही. क्रीडमध्ये एक तरी ओळ हवी होती की तो भुकेल्यांबरोबर जेवला.

वाडीतली_पोर
त्या ओळीला माझं मत. आणि गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी नक्की या, जेवायला आमच्याकडेच.

शनिवारतेली
पोरींनो, एक राहिलं. मार्कमध्ये गेथशेमानेच्या बागेत, मरणाच्या आदल्या रात्री, तो घाबरून 'अब्बा' म्हणतो. मार्कने ग्रीक लिहिताना तो शब्द तसाच ठेवला. जुनीपोथी, पौलाकडेही हाच शब्द आहे ना?

जुनीपोथी
हो काका, दोनदा. रोमकरांस ८ आणि गलतीकरांस ४. ग्रीक बोलणाऱ्या मंडळ्यासुद्धा प्रार्थनेत अब्बा म्हणत होत्या.

शनिवारतेली
मग हा एक शब्द तरी त्याच्या तोंडून जसाच्या तसा पुढे गेला. इथं आजही घरोघरी बापाला अब्बाच म्हणतात. आत्ता हे टाइप करतोय तर धाकटी नात जिन्यातून ओरडतेय, अब्बा, अब्बा, चपलेचा बंद सुटलाय, आणि माझा मुलगा हातातलं काम टाकून खाली निघालाय.